त्या चाळीसच्या बोर्डाबद्दल, एसटीवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तिथल्या तिथे उत्तर लिहिलं. सकाळी ते वाचून खोडून टाकलं, कारण त्यात राग बराच होता आणि मुद्दे कमी. हे दुसरं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या महिन्यात मी वेगाच्या चलनाविरुद्ध कोर्टात गेल्याची हकीकत लिहिली होती. मे २०२३ मध्ये आंब्याच्या पेट्या पोचवून परत येताना, खारेपाटण ते हातखंबा या पट्ट्यात, माझी वॅगनआर ताशी ६८ किलोमीटरने जाताना स्पीड गनमध्ये सापडली. तिथे मर्यादा ४० होती. चलन आलं २००० रुपयांचं. मी ते भरलं नाही, प्रकरण कोर्टात पाठवा असं लेखी दिलं आणि तारखांना हजर राहिलो. त्यावर काकांनी, म्हणजे मागच्याच वर्षी एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेल्या एका वाचकांनी, तीन गोष्टी सुनावल्या. एक, वेगात होतो हे मीच कबूल करतो आणि वर कायद्याचा कीस काढतो. दोन, असले लेख वाचून पोरं पळवाटा शिकतात. तीन, एवढं करून किती पैसे वाचले ते मी हातचं राखून ठेवलं. शेवटी त्यांनी लिहिलंय, 'रस्त्यावर माणूस पडतो तेव्हा तो कोणाकडे कागद मागत नाही.'

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत.

माझ्या घरापासून ते कोर्ट साठ किलोमीटर. तीन तारखा, म्हणजे तीनशेसाठ किलोमीटर, वीस लिटर पेट्रोल, एकवीसशे रुपयांच्या आसपास. झेरॉक्स, फोटोंच्या प्रती, चहा, दुपारचं जेवण मिळून सहाशे. वकील केला नाही. आणि शेवटी दंड भरला तो १००० रुपये. म्हणजे दोन हजारांच्या चलनासाठी सदतीसशे गेले, शिवाय तीन दिवसांचं काम बुडालं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो हाच. आधीच्या लेखात मी 'दंड निम्म्यावर आला' एवढंच लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण वाचणाऱ्याला मी जिंकलो असं वाटावं अशा बेतानेच लिहिलं होतं. जिंकलो नव्हतो. तिसऱ्या तारखेला पोलिसांचा साक्षीदार बंदोबस्तामुळे आला नाही, पुढची तारीख पडणार होती, मी कंटाळलो आणि गुन्हा कबूल केला. कलम १८३ मध्ये हलक्या वाहनाला दंड १००० ते २००० असा आहे. न्यायाधीशांनी खालचा आकडा धरला. बस.

आई तर पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "दोन हजारांसाठी कोर्टाची पायरी चढतंस? तुझा डोक्या ठिकाणार आसा मां?" तिला पैशांपेक्षा समन्सवर माझ्या नावामागे लागलेला 'आरोपी' हा शब्द जास्त लागला होता. (आमच्या घराण्याला हे शोभत नाही असं ती म्हणते. आमच्याच घराण्यात एका बांधावरून आणि त्यावरच्या फणसावरून एकोणीस वर्षं दावा चालला. फणस मधेच वठला तरी दावा चालूच होता. पण तो दिवाणी. दिवाणीला कोकणात कोणी वावगं समजत नाही.)

आता तुमचा पहिला मुद्दा. वेग ६८ होता, यात वाद नाही. मी कोर्टातही तो नाकारला नाही. माझा प्रश्न ४० बद्दल होता, आणि तो मी त्या लेखात नीट मांडला नाही हा माझाच दोष.

ती जागा तुमच्या पायाखालची आहे. चौपदरीकरणात तिथे मोरीचं काम निघालं, रस्ता बाजूने वळवला, वळणरस्त्याच्या तोंडावर चाळीसचा पत्रा लावला. काम झालं, वाहतूक नव्या लेनवर आली, वळणरस्त्यावर गवत उगवलं. पत्रा राहिला. बांबूला तारेने बांधलेला, तोंड अर्धं शेताकडे फिरलेलं. मला तो जाताना दिसला नाही. चार दिवसांनी मुद्दाम थांबून शोधला तेव्हा दिसला.

केंद्र सरकारच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला कमाल १०० आहे आणि साध्या रस्त्यावर ७०. राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी यापेक्षा कमी मर्यादा घालू शकतो, पण कशी, ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ मध्ये लिहिलंय: राजपत्रात अधिसूचना काढायची आणि जागेवर योग्य ठिकाणी फलक लावायचा. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त राहणार नसेल तर अधिसूचनेची गरज नाही. म्हणजे वळणरस्त्यापुरता लावलेला पत्रा महिनाभर चालतो. त्याच्या पुढे तो तिथे असेल तर त्याच्यामागे कागद हवा. कोणी बांधला, कधी बांधला आणि कोणाच्या सहीने, एवढंच मला विचारायचं होतं. काका, यात पळवाट कुठली? दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर चाळीसचा विसरलेला पत्रा आणि त्याच्यापुढे दोनशे मीटरवर स्पीड गन घेऊन उभी पोलिसांची गाडी, हे पाहून पोरं काय शिकतात? चाळीसचा बोर्ड खोटा असतो, हे शिकतात. मग जिथे खरंच चाळीसने जायला हवं, शाळेपुढे, भोस्ते घाटाच्या वळणावर, तिथेही ती सत्तरने जातात.

हे लिहिताना मला माहीत आहे की ४० ऐवजी ६८ म्हणजे ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर जवळजवळ तिप्पट. वेगाच्या वर्गाने ते वाढतं. ६८ ला नुसत्या एका सेकंदात गाडी एकोणीस मीटर पुढे जाते, ब्रेकवर पाय पडायच्या आधी. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली आणि केंद्राच्या अहवालात त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. तुम्ही तीस वर्षं हे काचेतून पाहिलंत, मी आकड्यांत वाचलं. इथे तुमच्याशी वाद घालायची माझी पात्रता नाही.

पण कागदाबद्दल एक सांगू? तो कागद तुमच्यासारख्यांना जास्त लागतो. माझे दोन हजार गेले तर गेले. अतिवेगाचा गुन्हा दुसऱ्यांदा झाला की लायसन्स अडकवून ठेवायची तरतूद त्याच कलम १८३ मध्ये आहे. ज्याच्या घरची चूल लायसन्सवर पेटते, त्या टेम्पोवाल्याने, वडापवाल्याने चुकीचं चलन 'जाऊ दे, मिटवून टाक' म्हणत भरायचं का? भरलं की विषय संपला असं त्याला वाटतं, पण पहिला गुन्हा खात्यावर बसलेला असतो. त्याच्यासाठी साठ किलोमीटर आणि तीन तारखा महाग नाहीत. माझ्यासाठी होत्या. कोर्टात जाणं परवडतं की नाही याचा हिशेब माणसागणिक वेगळा लागतो. मागच्या लेखात मी तो सगळ्यांना एकच असल्यासारखा मांडला होता.

तुमचा दुसरा मुद्दा. माझ्या लेखात एक वाक्य होतं: 'बऱ्याचदा पोलिसांकडे कागदच नसतो, त्यामुळे नुसतं हजर राहिलात तरी काम होतं.' हे वाक्य मी काल काढून टाकलं. ते फुशारकीचं होतं आणि माझ्या स्वतःच्या अनुभवालाही धरून नव्हतं, कारण माझं काम झालंच नाही. त्याच्या जागी कायदा काय मागतो एवढंच ठेवलंय, तेही इथे सांगतो म्हणजे तुम्हाला मी काय शिकवतोय ते कळेल. कलम १८३ म्हणतं की एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावर अतिवेगाची शिक्षा होत नाही, तो अंदाज यंत्राच्या मोजणीवर आधारलेला हवा. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेला नियम १६७अ म्हणतो की त्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नव्याने घ्यायला हवं, अशा पट्ट्याच्या आधी सूचनाफलक ठळक दिसायला हवा, आणि चलनाची नोटीस पंधरा दिवसांत जायला हवी. देवगडच्या बाजारात काजू मोजणाऱ्या तराजूला वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो. तो नसला तर आपण गिऱ्हाईक म्हणून ओरडतो, आणि त्याला कोणी पळवाट म्हणत नाही. वेग मोजणाऱ्या रडारसाठीही आता २०२५ पासून वैधमापनाच्या नियमांत पडताळणी आणि शिक्का आलाय.

उलट एक पळवाट मी लोकांना सांगत फिरत नाही, कारण ती पळवाट नाहीच. 'गन तिरकी धरली होती म्हणून वेग जास्त दाखवला' असं पुष्कळजण छातीठोक सांगतात. उभ्या यंत्राने तिरकं मोजलं तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. तिरकेपणाने आपल्याला सूटच मिळते. हे कोर्टात बोलाल तर हसं होईल. माझ्या आधीच्या एकाचं माझ्यासमोर झालं.

तेव्हा मी आता विचारणाऱ्याला काय सांगतो? नंबर तुमचा पण फोटोतली गाडी दुसरीच, गाडी विकून झालेली, त्या वेळी गाडी गॅरेजमध्ये आणि त्याची पावती जवळ, किंवा माझ्यासारखी मर्यादाच संशयाची, असं काही हातात असेल तर आधी ऑनलाइन तक्रार करा, फोटो जोडा, आणि तिथे दाद लागली नाही तरच कोर्ट. फोटो त्याच आठवड्यात काढा. पत्रे जागेवरून हलतात, झाडी वाढते. गाडी तुमची पण चालवत दुसरा कोणी होता, तर त्याचं नाव द्यावं लागतं, तिथे गप्प बसून चालत नाही. आणि नुसतंच जोरात होतात, बोर्डही दिसला होता, तर भरा. लोकअदालतीचा मेसेज आला असेल तर तिथे जाऊन भरा. तिथे मिटलं की मिटलं, त्यावर अपील नसतं, हे मात्र आधी लक्षात घ्या.

कोर्टाबद्दल तुम्ही 'न्यायालयाचा वेळ खाल्लात' असंही म्हटलंय. खाल्ला. पहिल्या दिवशी पुकारा झाला तेव्हा मी बाहेर वडा खात होतो, पट्टेवाल्याने येऊन ओढत नेलं. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी माझे फोटो एकेक करून पाहिले, सरकारी वकिलांना दाखवले आणि विचारलं, "हा बोर्ड कोणाचा?" सरकारी वकील म्हणाले, माहिती घेऊन सांगतो. माझ्या सदतीसशेतले सगळे पैसे मला त्या एका प्रश्नापुरते वसूल वाटतात. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी तो विचारलेला मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. उत्तर यायच्या आधी मीच कच खाल्ली, ही चूक माझी.

पत्रा आता तिथे नाही. माझ्यामुळे गेला असं मी म्हणणार नाही. पावसात बांबू कुजला असेल. पण माहिती अधिकारातला माझा अर्ज अजून फिरतोय. एका कार्यालयाने तो दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने 'सदर फलक या कार्यालयाने लावलेला नाही' असं लिहून दिलं, पहिलं अपील झालं, दुसरं टाकलंय. त्यात एक गोष्ट मला अजून भरता आलेली नाही: पत्रा लागल्याची तारीख.

तिथून मी महिन्यातून एकदा जातो. तुम्ही तेव्हा रोज जात होतात, उंच सीटवरून. चिऱ्याच्या खाणीकडे जाणारा फाटा सोडला की डाव्या हाताला, मोरीच्या जरा अलीकडे. २०२३ च्या शिमग्यात पालख्या फिरत होत्या तेव्हा तो पत्रा तिथे होता का, एवढं आठवून कळवाल?