दाजी, चौथ्या दिवशी गेटवर अडवू नका

आमच्या दाजींचं नाशिकच्या अंबडला छोटं मशीन शॉप आहे. बावीस माणसं. सोमवारी रात्री त्यांनी मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "बरोबर आहे ना? उद्या एकाला याप्रमाणे कामावरून बंद करतोय." हाच मजकूर आधी दोन ग्रुपवर येऊन गेला होता, तेव्हा सोडून दिला. आता घरातच शिरला म्हटल्यावर गप्प कसं बसायचं? सातपूरला सव्वीस वर्षं टाइम ऑफिस आणि पर्सोनेल सांभाळलंय मी.

फॉरवर्डचं म्हणणं असं, आणि वर 'नवीन लेबर कोडप्रमाणे', म्हणजे नव्या कामगार कायद्यांप्रमाणे, असा शिक्का. न सांगता तीन दिवस गैरहजर म्हणजे राजीनामा, चौथ्या दिवशी गेटवर अडवा. रुजू होतानाच बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवा. काढायचं ते तोंडी, लेखी दिलं की अडकाल. काढलेल्याला ग्रॅच्युइटी नाही. आणि पगार वेळेवर दिला की कामगार समाधानी, बाकी सगळे नखरे.

दाजी पहिल्या मुद्द्यावरच निघाले होते, म्हणून आधी तेच. तीन दिवस हा आकडा कुठून काढला देव जाणे. कंपन्यांच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कामगारांसाठीच्या मंजूर नियमावलीत, असायचा तो आठ-दहा दिवसांचा, आणि त्याचीही हवा सुप्रीम कोर्टाने 1993 मध्येच काढली. डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज. कामगार म्हणत होता, 3 डिसेंबर 1980 पासून मला गेटच्या आत घेत नाहीत, मस्टरवर सही करू देत नाहीत. कंपनी म्हणत होती, आठ दिवसांच्या वर गैरहजर, स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे नाव आपोआप कमी झालं. लेबर कोर्टात कंपनी जिंकली. सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. नोकरी म्हणजे पोट, ते घटनेच्या कलम 21 मध्ये येतं. म्हणून काढण्याआधी चौकशी आणि बाजू मांडायची संधी हवीच, स्टँडिंग ऑर्डरमध्ये तसं लिहिलेलं नसलं तरी. माणूस परत कामावर, वर मागचा निम्मा पगार. 1980 ते 1993. दाजी, जरा कॅल्क्युलेटर घ्या.

एवढं मात्र कबूल करावं लागेल की बावीस माणसांच्या शॉपला स्टँडिंग ऑर्डर लागू होत नाहीत. 21 नोव्हेंबर 2025 ला नवे कोड लागू झाले तेव्हा त्या लागू होण्याची मर्यादा 300 माणसांवर गेली, आणि कामगार कपातीला सरकारी परवानगी लागायची ती मर्यादाही 100 वरून 300 झाली. पण दाजींना ती परवानगी आधी तरी कुठे लागत होती? आणि स्टँडिंग ऑर्डरच नाही म्हटल्यावर 'तीन दिवसांचा नियम' टेकवायचा कशावर? कोडच्या नावाने नाचणाऱ्यांनी त्याच दिवशी लागू झालेला वेतनाचा कोडही वाचावा. माणूस काढा किंवा तो सोडून जाऊ दे, त्याचा पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा आहे. 'पुढच्या दहा तारखेला ये' हे बंद.

करायचं ते साधं आहे. आधी फोन. मग घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र: अमुक तारखेपासून गैरहजर आहात, हजर व्हा किंवा कारण कळवा. माणूस यूपी-बिहारचा असेल तर हिंदीत लिहा. उत्तर नाही आलं तर दुसरं पत्र, मग आरोपपत्र आणि चौकशीची तारीख. पोच फाइलला लावा. तीन-चार आठवडे जातील, जाऊ देत.

बिनतारखेच्या राजीनाम्याची गंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे. मी होतो त्या एका कंपनीत असा गठ्ठा साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असायचा. एकाला काढताना घाईघाईत त्यातल्या एकावर तारीख टाकली. कोर्टात समोरच्या वकिलाने कॅलेंडर काढलं. तारीख निघाली साप्ताहिक सुट्टीची, आणि 'आज समक्ष दिला' म्हणून त्यावर शेराही मारलेला. साक्षीला मीच उभा होतो. त्या दिवशी घशाला पडलेली कोरड अजून आठवते.

तोंडी काढण्याचं उत्तर वर आलंच. कामगार म्हणणार गेटवर अडवलं, आणि तुमच्या हातात दाखवायला चिठोरंही नाही. ग्रॅच्युइटीचं म्हणाल तर दहा माणसं झाली की ती लागू होते, आणि पाच वर्षं भरलेल्याची नुसतं काढलं म्हणून बुडत नाही. मुद्दाम किंवा हलगर्जीपणाने नुकसान केलं म्हणून काढलं असेल तर त्या नुकसानीपुरती कापता येते. पूर्ण रोखायची तर मारामारी, दंगा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा लागतो. चार दिवस दांडी त्यात बसत नाही.

पगार वेळेवर हवा, हे मान्य. तेवढंही न जमणारे बरेच आहेत. पण सोडून जाणारे माझ्या टेबलाशी बसून पगाराबद्दल फार कमी बोलायचे. साडेपाचला निघताना 'आज डबल ड्युटी कर' म्हणणं, सगळ्यांसमोर आईवरून शिवी, कायम त्याच माणसाला रात्रपाळी. हे नखरे?

मंगळवारी सकाळी दाजींनी, माझ्या आग्रहाने, त्या ऑपरेटरला फोन लावला. बायकोने उचलला. वडील पडले होते, गावी पेठला होता. आणि निघताना तो सुपरवायझरला सांगून गेला होता.

दहा मिनिटांत दाजींचा मेसेज: "मग सुपरवायझरला बंद करू का?"