"ताई, राग मानू नका" ह्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, लगेच उत्तर देणार होते पण म्हटलं सकाळी देऊ. सकाळीही डोकं शांत झालेलं नाही, त्यामुळे जे आहे ते असं आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात, मी हाताने शिवतेय त्या षटकोनी तुकड्यांच्या गोधडीबद्दल दादांनी लिहिलंय: "ताई, राग मानू नका, पण दोन वर्षं एकाच गोधडीचं कौतुक वाचतोय. मशीनवर हे काम महिन्याभरात उरकलं असतं. रोज दोन तुकडे म्हणता, तर पंचवीस महिन्यांत १,५०० व्हायला हवे होते, तुमचे १,१०२ आहेत. लाल कापड आधी धुवून घ्यायचं असतं एवढं साधं कळू नये? आणि अजून नुसता वरचाच थर चाललाय."

आधी एक सांगते. "राग मानू नका" असं म्हणून जो सुरुवात करतो त्याला पक्कं माहीत असतं की पुढे राग येण्यासारखंच काहीतरी आहे. सरळ लिहा ना, मी काही काचेची नाही. आणि "कौतुक" कुठे केलंय मी? आठवड्याला एक फोटो टाकते, खाली आकडा लिहिते, बस. तेही ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी, तुम्हाला कोणी आमंत्रण दिलं नव्हतं.

लाल कापडाचं मात्र तुमचं बरोबर, मान्य. धुतलं नव्हतं. पेनाची निळी खूण पुसायला ओल्या कापसाचा बोळा फिरवला आणि बघता बघता शेजारच्या पांढऱ्या तुकड्यावर गुलाबी डाग पसरला, अगदी टाक्याच्या रेषेपासून आत, वाटीच्या आकाराचा. तशी तीन फुलं निघाली. एका फुलात मधला एक, त्याभोवती ६ आणि त्याच्या बाहेर १२, असे १९ तुकडे असतात, म्हणजे ५७ तुकडे उसवून पुन्हा शिवले. झालं? चूक कबूल केली, आता पुढे.

मशीनवर महिन्याभरात. हे वाक्य तुम्ही ज्या सहजपणे टाकलंय ना, त्यावरून खात्रीच पटली की तुम्ही षटकोन कधी मशीनखाली घातलेला नाही. चौकोन असते तर गोष्ट वेगळी, सरळ शिलाई मारत सुटायचं. षटकोनात प्रत्येक कोपऱ्यावर तीन तुकडे भेटतात, त्यामुळे शिलाई काठापासून पाव इंच अलीकडे थांबवायची, सुई आत ठेवून कापड फिरवायचं, परत पाव इंच सोडून पुढची बाजू धरायची, आणि एक टाका जरी पुढे गेला तरी तिथे चुणी पडते जी कितीही इस्त्री फिरवा, जात नाही. मशीनवाले ह्यातून पळवाट काढतात, अर्धे षटकोन कापून पट्ट्या जोडतात, मग प्रत्येक षटकोनाच्या पोटातून एक आडवी शिवण जाते. चालतं ज्यांना चालतं. मला नाही चालत.

हाताने करायचं तर आधी प्रत्येक कागदी षटकोनावर कापड दुमडून कच्चे टाके घालायचे, मग दोन तुकडे तोंडाला तोंड लावून काठ शिवायचा, टाका कापडाच्या दोन-तीन धाग्यांतूनच जायला हवा, कागदात घुसला की कागद निघताना फाटतो. एक इंचाच्या बाजूला माझे १५ टाके बसतात. दोरा बोटापासून कोपरापर्यंतच घ्यायचा, लांब घेतला की गुंता, आणि मग निम्मा वेळ तो सोडवण्यात. सहा बाजू शेजाऱ्यांबरोबर वाटल्या जातात म्हणून एका तुकड्याच्या वाट्याला सरासरी तीन शिवणी, म्हणजे ४५ टाके. ६० बाय ९० इंचाला साधारण २,०८० तुकडे लागतात, गुणाकार तुम्हीच करा, तुम्हाला आवडतो.

आणि मी मशीन केलेलं नाही असं नाही हो. माझी पहिली गोधडी मशीनवरचीच, चौकोनांची, नऊ वर्षांपूर्वीची. दर रविवारी पाच-पाच तास बसायचे, बाकी आठवडा हात नाही. एका ओळीत १२ चौकोन, ११ शिवणी, आणि काही ओळींत माझी शिवण प्रत्येक वेळी जेमतेम एक मिलिमीटर जास्त आत गेली होती. दोन्ही तुकड्यांचे मिळून दोन, अकरा शिवणींचे बावीस. काही ओळी बरोबर, काही सव्वादोन सेंटिमीटरने आखूड! पाच रविवार ओढून ताणून बसवायचा प्रयत्न केला, मनगट धरलं, शेवटी सगळं एका पिशवीत भरून कपाटावर टाकलं ते अजून तिथेच आहे. तेव्हापासून मी रोज थोडं, हातानेच, असं ठरवलंय. बाबांचं ऑपरेशन होतं त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसून अकरा तुकडे शिवलेत, शिवणाचा डबा मांडीवर, अंगुस्तान बोटात. मशीन नेणार होतात का तुम्ही तिथे?

अमेरिकेत व्हर्मांटमध्ये जेन स्टिकल नावाची बाई होती, तिची १८६३ ची गोधडी म्युझियममध्ये जपून ठेवलीय. कोपऱ्यात तिने टाक्यांनी लिहिलंय, युद्धाचा काळ, १८६३, तुकडे ५,६०२, आणि खाली स्वतःचं नाव. तुकडे मोजलेत बाईने. दिवस लिहिलेले नाहीत.

राहिला तुमचा हिशोब. रोज म्हणजे काय अगदी दिनदर्शिकेवर खूण करून रोज का? बोलायची पद्धत असते. दोनदा शिवलेले ५७ तर तुम्ही धरलेच नाहीत. बाकीचे दिवस आजारपण, पाहुणे, डोळ्यांचा चष्मा बदलला ते तीन आठवडे, आणि हो, मे महिन्यात नुसता कंटाळा होता, डबा उघडलाच नाही. हे मी तेव्हा लिहिलं नाही कारण "आज काही केलं नाही" ह्याचा फोटो काय टाकणार? पण त्यावरून "रोज" खोटं ठरत नाही. सरासरी दीड धरा हवं तर. मग पुढच्या वर्षी संपेल असं जे मी लिहिलं होतं ते थोडं पुढे सरकेल, सरकू दे.

वरच्या थराचं, अस्तराचं वगैरे मला माहीत आहे, धन्यवाद. वरचा थर झाल्याशिवाय आतल्या कापसावर पसरायचं काय ते सांगा.

तुम्ही काय शिवता ते एकदा दाखवा, मनापासून म्हणतेय, टोमणा नाही. बरं, थोडा आहे.

हे टाइप करण्यात सव्वा तास गेला. तेवढ्यात चार तुकडे झाले असते, तेही माझ्या कमी पडलेल्यांत धरा.