सात गोल खाल्लेली पोरगी

आज लई डोकं फिरलंय म्हणून लिहायलोय. नांदेडला शाळेच्या पोरींची हॉकी मॅच बघायला गेलो होतो, एक टीम ७-० नं हरली, अन् बक्षीस वाटताना बेस्ट गोलकीपर कोण तर जिंकलेल्या टीमची, जिच्याकडं पूर्ण मॅचमध्ये बॉल आला दोनदा! तिनं एकही गोल खाल्ला नाही म्हणे. अरे, तिच्या फुलबॅकनी बॉल डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या अर्धगोलात, येऊच दिला नाही तर खाईल कुठून? तिचे पॅड मुरमानं लाल सुद्धा झाले नव्हते. अन् ती दुसरी, क्रिकेटचे पॅड बांधलेली, पुढं तिची एकही पोरगी आडवी पडेना, एकटीच लोळायली, उठायली, परत लोळायली. तिला साधी टाळी नाही.

मला लागलं कारण १९९८ ला त्या जागी मी होतो. तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा नव्हता, आमचं वसमत परभणीतच. आमच्या शाळेनं ९-० नं मार खाल्ला, गोली मी. गाडीत सगळे माझ्याकडं असं बघायले जसं काही मीच मॅच विकली. आमचे दादा एसटीनं मॅच बघायला आले होते, हॉकी त्यांनी जन्मात बघितली नव्हती.

बरं, आता मला सांगा, टोकियो ऑलिम्पिकला ब्राँझच्या मॅचमध्ये आपला गोली श्रीजेश, त्यानं किती गोल खाल्ले? चार! जर्मनीला आपण ५-४ नं हरवलं. खाल्लेले गोल मोजायचे तर त्या दिवशी तो नापासच की. पण शेवटच्या काही सेकंदात जर्मनीला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलवर मारायचा हुकमी चान्स, मिळाला अन् तो त्यानं अडवला, म्हणून ४१ वर्षांनी मेडल आलं. अन् पॅरिसला ब्रिटनसमोर १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड, म्हणजे कॉर्नरला बॉलवर धावून जाणारा आपला मेन गडीच बाहेर. दहा जणांत उरलेली मॅच काढली, १-१, मग शूटआउट ४-२. गोली किती पाण्यात आहे ते असं पुढची भिंत पडली की दिसतं.

१९२८ ला ॲमस्टरडॅमला आपल्या गोली रिचर्ड ॲलननं अख्ख्या ऑलिम्पिकमध्ये एक गोल खाल्ला नाही. मोठा माणूस, वाद नाही. पण पुढं ध्यानचंद होते, आपण २९ गोल केले, बॉल सारखा समोरच्यांच्याच डीत. शंकर लक्ष्मणचं पण तसंच, १९५६ ला अमेरिकेला १६-०, अफगाणिस्तानला १४-०, त्यावरून गोली काय कळणार? तो कळतो १९६४ च्या फायनलला, समोर पाकिस्तान, आपला एकच गोल अन् तो शेवटपर्यंत सांभाळायचा.

हां, तगड्या टीमचा गोली तासभर थंड उभा राहतो अन् एकदम एक बॉल येतो, ते पण सोपं नाही. मान्य. पण म्हणून दोन बॉलवाल्या पोरीला ट्रॉफी अन् पंचवीस-तीस अडवणारीला काहीच नाही? टेबलावर बसलेल्या एकानं तरी मोजले का, किती आले ते?

आमच्या दादांनी मोजले होते. परत येताना स्टँडवर त्यांनी खिशातून मुरमाचे खडे काढले अन् माझ्या हातावर ठेवले. एकतीस. "हे तू अडवलेले," एवढंच म्हणाले अन् चहा आणायला गेले. हे लिहिताना पण डोळे भरायलेत.

ट्रॉफी देणाऱ्यांवरचा राग आता जरा उतरलाय, त्या लेकरालाही दोष नाही, तिला दिली तिनं घेतली. मॅचनंतर मी त्या सात गोल खाल्लेलीला विचारलं, किती अडवलेस गं? म्हणाली, मोजले नाही काका, पाय लई दुखायलेत. किकर, म्हणजे गोलीनं बुटावर बांधायचे जाड पॅड, नाहीतच तिच्याकडं, साध्या बुटावर उभी होती. कुणाकडं पोरांच्या मापाचे जुने किकर पडले असतील तर इनबॉक्स करा, मी स्वतः येऊन घेऊन जातो. पट्टा तुटलेला असला तरी चालेल, मोच्याकडून शिवून घेऊ.