‘यस’ ठोकलं की झालं?

महापे असो की ऐरोली, नव्या सर्व्हरला पहिल्यांदा एसएसएच केलं (म्हणजे दुरून सुरक्षितपणे जोडलं) की त्याच्या होस्ट कीचा, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्लीचा, फिंगरप्रिंट म्हणजे छोटा ठसा समोर येतो, ‘जोडायचं का?’ असं विचारलं जातं आणि मंडळी न वाचता ‘यस’ ठोकतात. अरे, एसएचए-२५६ या हॅश पद्धतीच्या नावापुढची ती ४३ अक्षरं काय शोभेला आहेत? अ‍ॅडमिनला सर्व्हरच्या कन्सोलवरून एसएसएच-कीजेन ही कमांड चालवून होस्ट कीचा फिंगरप्रिंट वेगळ्या मार्गाने पाठवायला सांगा. डोळे ताणायचीही गरज नाही; ओपनएसएसएच या एसएसएच प्रोग्रॅमच्या ८.० आवृत्तीपासून ‘यस’च्या जागी तोच पेस्ट करता येतो, जुळला नाही तर पुढे सरकतच नाही.

होस्ट की बदलल्याची वॉर्निंग आली तर? नोन-होस्ट्स या ओळखीच्या सर्व्हरांच्या फाइलमधली ओळच उडवतात! सर्व्हर रीइन्स्टॉल झालाय की मधे कुणी चोरून बसलंय, हे विचारायला शेजारच्या टेबलापर्यंत जाववत नाही, कटिंगसाठी मात्र दिवसातून चारदा गेटबाहेर. आणि एकच इमेज क्लोन करून दहा व्हीएमना (व्हर्च्युअल मशीनना) एकच होस्ट की वाटणारे... जाऊ दे.