मासळीवर बोलला म्हणून हसताय?

सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर तोच व्हिडिओ फिरतोय. कोकणातला एक खासदार लोकसभेत उभा आहे, मागची बाकं निम्मी रिकामी आहेत, आणि हा कागदात बघून घाईघाईने वाचतोय. एलईडी लावून चाललेली मासेमारी, परराज्यातले ट्रॉलर, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांच्या हाती काही उरत नाही. खाली आपल्या सोलापूरकरांच्या कमेंटी. "मासे सोडून विषय नाही का बे?" "चार ओळी पाठ नाहीत होय?" एका यंत्रमागवाल्या मित्राने तर कहर केला: "सुरमईचा भाव वाढला हे सांगायला दिल्लीला पाठवलंय काय?" त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली.

हसा की. पण आधी तो बघून का वाचत होता ते तरी समजून घ्या.

तो लोकसभेच्या नियम ३७७ खाली बोलत होता. या नियमात मजकूर आधी लिहून द्यावा लागतो, २५० शब्दांच्या आत. तो मंजूर होतो, आणि मंजूर झाला तेवढाच नोंदीत जातो. मधेच जोरदार डायलॉग घुसडला तर व्हिडिओत दिसेल, कामकाजाच्या नोंदीत दिसणार नाही. म्हणून माणूस कागद सोडत नाही. बाकं रिकामी असतात कारण शून्य प्रहराचा, म्हणजे प्रश्नकाळानंतर तातडीचे विषय मांडायच्या वेळेचा, गोंधळ तोवर आटोपलेला असतो. कित्येक दिवशी तर वाचायलाही मिळत नाही, सगळ्यांचे मजकूर एकदम पटलावर ठेवले असं धरून पुढे जातात. ज्याला वाचायला मिळालं त्याचं नशीब म्हणायचं. आणि आपण इथे त्याच्या पाठांतराचे मार्क काढतोय.

आता विषयाकडे. "मासेमारी राज्याचा विषय आहे, दिल्लीत कशाला?" असंही एका शहाण्याने लिहिलंय. अर्धं बरोबर आहे, मान्य. घटनेच्या राज्यसूचीत मत्स्यव्यवसाय आहेच, एकविसावी नोंद. पण किनाऱ्यापासून १२ सागरी मैल संपले की पुढची मासेमारी केंद्राकडे जाते, ती संघसूचीतली सत्तावन्नावी नोंद. पाण्यावर रेघ काढलेली नसते. बोट रात्री दहाव्या मैलावर जाळं टाकते, गस्तीची नौका दिसली की चौदाव्यावर जाते. आतली कारवाई राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याची, बाहेरची तटरक्षक दलाची. त्यात बोट शेजारच्या राज्यात नोंदलेली असली तर तिचं लायसन रद्द करणं महाराष्ट्राच्या हातात नाही. मग हा प्रश्न दिल्लीत नाही मांडायचा तर कुठे मांडायचा, सिद्धेश्वर तलावावर?

एलईडी म्हणजे काय ते ज्यांना घरातल्या बल्बापुरतंच माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. बोटीवर जनरेटर चढवतात, रात्री प्रखर दिवे पाण्यावर रोखतात, काही पाण्याखालीही सोडतात. उजेडाकडे मासळी गोळा होते. मग पर्ससीनची बोट त्या थव्याभोवती गोल फिरत जाळं सोडते आणि खालचा दोर आवळते, की बटव्यासारखं तोंड बंद. आत बांगडा, तारली, जे असेल ते, अंडी घालायच्या वयाला न पोचलेली पिल्लंही. आता रापण बघा. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकं वाळूवर उभ्या माणसांनी ओढायची. म्हणजे मासळी स्वतःहून किनाऱ्याजवळ आली तरच रापणीला मिळणार. ती बाहेरच उचलली गेली तर दिवसभर ओढून वर येणार काय? केंद्राने आपल्या हद्दीत एलईडीवर नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. राज्याने सागरी मासेमारीचा १९८१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारून दंड वाढवला. तरी दिवे दिसतात, कारण गस्तीची नौका जवळ येईपर्यंत ते विझवता येतात, आणि नुसता लांबून दिसलेला उजेड पुरावा म्हणून टिकत नाही. जनरेटर आणि दिव्यांसकट बोट पकडावी लागते.

सुरमईचा भाव म्हणे! रविवारी हॉटेलात सुरमई फ्रायचा तुकडा लहान आला की हाच मित्र वेटरवर खेकसतो.

बरं, खासदार नुसतं बोलून काय उपटतात, हा प्रश्न मात्र खोटा नाही. क्लिप बनवण्यापुरतं उभं राहणारे आहेत, सगळ्या पक्षांत आहेत. त्यांना ओळखायचं असेल तर भाषणं बघू नका, त्यांनी विचारलेले प्रश्न काढून वाचा. संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराचं नाव टाकलं की प्रश्न आणि उत्तर दोन्ही मिळतात.

प्रश्नाचीही एक कारागिरी असते. १५० शब्दांच्या आत बसवायचा. किमान पंधरा पूर्ण दिवस आधी नोटीस द्यायची. प्रत्येक मंत्रालयाचा उत्तराचा वार ठरलेला असतो, तो हुकला की पुढचा आठवडा. तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न दिवसाला २०, तेही सोडतीतून लागतात. त्यातले चार-सहा तोंडी होईतो बारा वाजतात आणि प्रश्नकाळ संपतो. अतारांकित २३०, त्यांना लेखी उत्तर मिळतं, उपप्रश्न नाही. आकडे काढायचे असतील तर अतारांकितच बरा. मंत्र्याला उभं करून अडवायचं असेल तर तारांकित, पण सोडतीत नंबर वर लागला पाहिजे.

सगळ्यात जास्त चूक होते ती मंत्रालय निवडण्यात. समुद्रकिनारा म्हटलं की सगळं मत्स्यव्यवसाय मंत्रालयाकडे ढकलतात. घर बांधायला सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, आडवं येतंय? ते पर्यावरण मंत्रालय. वादळाचा इशारा उशिरा आला? हवामान खातं पृथ्वी विज्ञान मंत्रालयात येतं. तटरक्षक दलाने किती बोटी धरल्या? ते संरक्षण मंत्रालय. चुकीच्या दारात टाकलेला प्रश्न एक तर दुसरीकडे जातो, नाहीतर "हा विषय संबंधित राज्याचा आहे" एवढ्या एका ओळीत संपतो.

आणि शब्द. "कोकणातील मच्छीमारांच्या समस्यांबाबत सरकार काय करत आहे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: मत्स्यसंपदा योजना, २०,०५० कोटी, खाली घटकांची यादी, धन्यवाद. तेच असं विचारा: २०१७ च्या बंदीनंतर १२ मैलांपलीकडे एलईडीसाठी वर्षनिहाय किती बोटी धरल्या, त्या कोणत्या राज्यात नोंदलेल्या होत्या, आणि किती प्रकरणं त्या राज्याकडे कारवाईसाठी पाठवली. आता पळवाट लहान झाली. समजा उत्तर आलं की "माहिती गोळा करत आहोत, पटलावर ठेवू". ते आश्वासन धरलं जातं, त्याची तीन महिन्यांची मुदत असते, आणि ते तपासायला आश्वासन समिती आहे. बहुतेक खासदार इथेच सोडून देतात. नवीन अधिवेशन, नवीन विषय. मेहनतीचं काम खरं इथून पुढे असतं आणि त्याचा व्हिडिओ निघत नाही.

हे लिहिताना राग जरा उतरला, कारण मधू दंडवते आठवले. माणूस जन्माने नगरचा, निवडून यायचा कोकणातल्या राजापुरातून, १९७१ पासून सलग पाच वेळा. त्याआधी त्याच राजापुरातून नाथ पै. कोकणला रेल्वे हवी हे दोघांनी लोकसभेत वर्षानुवर्षं सांगितलं, तेव्हाही कोणी तरी जांभई दिलीच असेल. कोकण रेल्वेचं महामंडळ उभं राहिलं १९९० मध्ये, अख्ख्या मार्गावर गाडी धावली २६ जानेवारी १९९८ ला. तोवर दंडवते खासदार उरले नव्हते. आणि सोलापूरकरांनो, १९७७ मध्ये तेच रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरमधल्या लाकडी फळ्यांवर दोन इंची फोम घालायला सुरुवात झाली. किनाऱ्यावरच्या मतदारसंघाने पाठवलेल्या माणसामुळे आपल्या बापजाद्यांची पाठ मुंबईला जाताना शेकायची थांबली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये झोपून तीच क्लिप फॉरवर्ड करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सगळ्यांत जास्त चीड येते ती याची, की दुसऱ्याचा खासदार मासळीवर बोलला तर आपण हसतो, पण आपल्याकडे बिडीवर कोण काय विचारतंय हे बघत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरात बायका पानं कातरून बिड्या वळतात. त्यांच्या दवाखान्यांना आणि पोरांच्या शिष्यवृत्तीला पैसा बिड्यांवरच्या ज्या कल्याण उपकरातून यायचा तो उपकर जीएसटी आला तेव्हा, २०१७ मध्ये, बंद झाला. आता पैसा थेट अर्थसंकल्पातून येतो, म्हणजे दरवर्षी मागावा लागतो. विडी कामगार म्हणजे कोणी परके नाहीत, माझ्या त्या यंत्रमागवाल्या मित्राच्या गल्लीतच सुपं घेऊन बसतात. त्यांच्याविषयी लोकसभेत कोणी दोन मिनिटं बोललं तर कोकणातला माणूस "धूर सोडून विषय नाही का" म्हणून हसेल, आणि तेव्हा आपल्याला लै झोंबेल.

तेव्हा ज्यांना इमोजी टाकायला वेळ आहे त्यांनी तोच वेळ इकडे द्या. कोणत्याही पक्षाचे असा. पुढच्या अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की खासदाराच्या कार्यालयात एक कागद द्या. श्रम मंत्रालय, अतारांकित प्रश्न. उपकर बंद झाल्यापासून सोलापूरच्या विडी कामगारांच्या दवाखान्यांवर वर्षनिहाय किती खर्च झाला, डॉक्टरांची किती पदं मंजूर, किती भरलेली, शिष्यवृत्तीचे किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले. १५० शब्दांच्या आत आरामात बसतं. भाषण, निवेदन, हारतुरे काही नको, फोटो तर नकोच. मसुदा मी टाईप करून ठेवलाय, ज्याला हवा त्याने इनबॉक्समध्ये मागावा.