तळघरातली तूरडाळ

माझ्या भावाच्या ठाण्यातल्या सोसायटीत २०२५ च्या जानेवारीत जे भांडण झालं, ते खरं तर माझं नाही. मी तिथे राहत नाही, मेंटेनन्स भरत नाही, पार्किंगवर हक्क सांगत नाही. तरी ते माझ्या डोक्यातून जात नाही. ६ जानेवारीला बंगळुरात एचएमपीव्ही या श्वसनाच्या विषाणूचे दोन रुग्ण सापडल्याची बातमी आली आणि पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी ग्रुपवर साधा मेसेज टाकला: वेळ आहे तोवर प्रत्येकाने पंधरा दिवसांचं वाणसामान, रोजच्या गोळ्या, साबण आणि मास्क घरात ठेवावेत. झालं! सेक्रेटरींनी खाली लांबलचक प्रवचन झोडलं. घबराट पसरवू नका, अशानेच टंचाई होते, ही साठेबाजी आहे, गोरगरिबांच्या तोंडचा घास आहे. त्याखाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग. बाईंनी बिचाऱ्यांनी मेसेज काढून टाकला. भावाने हे सगळं मला गंमत म्हणून पाठवलं. मी लिहिलं, बाईंचं बरोबर आहे. त्याचं उत्तर आलं, "ताई, तू तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस."

आता शिकवतेच.

एचएमपीव्हीबद्दल सेक्रेटरींचं चुकलं नव्हतं, हे आधी मान्य करते. तो विषाणू २००१ पासून डॉक्टरांना माहीत आहे, त्यात नवीन काही नव्हतं आणि पुढे काही झालंही नाही. पण बाईंनी तरी कुठे म्हटलं होतं की जग बुडणार आहे? घरात पंधरा दिवसांचं असू द्या, एवढंच.

टंचाई होते कशी? दुकानात फळीवर माल असतो तो नेहमीच्या खपाप्रमाणे, थोड्या दिवसांचा. एकाच संध्याकाळी अख्ख्या पेठेने एकेक किलो डाळ जास्त उचलली की फळी रिकामी. मग त्या रिकाम्या फळीचा फोटो फिरतो आणि ज्यांना डाळ नको होती तेही पिशवी घेऊन निघतात. कोरोनात टॉयलेट पेपरवरून गोऱ्यांची टिंगल आपल्याकडे फार झाली. मलाही ते विनोद आले, एकेक विनोद पाच-पाच जणांकडून. पण त्यात वेडेपणा निम्माच होता. ती वस्तू फुगीर आणि स्वस्त, दुकानदार तिला जागा अडवू देत नाही, त्यामुळे थोडी गिऱ्हाइकं वाढली तरी रॅक ओका पडतो. शिवाय शाळा-ऑफिसं बंद झाल्यावर तिकडचा वापर घरी आला. आता जो माणूस नोव्हेंबरात, कुणालाच काही पडलेलं नसताना, दर खेपेला एक पुडा जास्त आणतो, त्याच्यामुळे कुणाची फळी रिकामी होत नाही. आणि धावपळीच्या दिवशी तो रांगेतच नसतो. त्याच्या वाटचा पुडा ज्याच्या घरी खरोखर काही नाही त्याला मिळतो. याला गरिबाच्या तोंडचा घास काढणं कसं म्हणायचं, ते सेक्रेटरींनी एकदा समजावून सांगावं.

मी स्वित्झर्लंडमध्ये, विंटरथुरला राहते. इथे सरकारच सांगतं की घरात आठवडाभराचं खाणं ठेवा आणि माणशी नऊ लिटर पाणी, म्हणजे दीड लिटरच्या सहा बाटल्यांचा एक गठ्ठा. त्याला कुणी घबराट म्हणत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी दीड वाजता धोक्याचे भोंगे चाचणी म्हणून वाजतात, माझी मुलं मानसुद्धा वर करत नाहीत. तांदूळ, साखर, तेल, गहू, कॉफी यांचा काही महिन्यांचा साठा आयातदारांना ठेवावाच लागतो. २०१९ मध्ये यातून कॉफी वगळायचा बेत झाला. कारण काय, तर कॉफीत उष्मांक जवळपास नाहीत, म्हणजे जगायला ती लागत नाही. लोकांनी आणि कॉफीवाल्यांनी असा गलका केला की बेत गुंडाळून ठेवावा लागला. देश असावा तर असा, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

आपल्याकडेही सरकारी साठा आहे, हे भाऊ लगेच ऐकवेल. आहेच की. २०२० च्या एप्रिलमध्ये अन्न महामंडळाकडे ठरलेल्या निकषाच्या दुपटीहून जास्त गहू-तांदूळ होता, म्हणून तर रेशनवर माणशी पाच किलो जादा धान्य फुकट देता आलं. म्हणजे सरकारने कोठारं भरली तर ते धोरण आणि पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी डबे भरायला सांगितले तर ती साठेबाजी.

इथलं सगळंच सोन्याचं आहे असं नाही. २०१८ च्या महामारी आराखड्यात माणशी पन्नास मास्क घरी ठेवायला सांगितलं होतं, ते वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. त्याच वर्षी स्पिरिटचा सरकारी कारभार खासगी झाला, राखीव साठाही गेला, आणि २०२० मध्ये सॅनिटायझरला स्पिरिट कुठून आणायचं म्हणून पळापळ. पण ते इथल्यांनी आपसांत भांडून घ्यावं. माझा मुद्दा तो नाही.

मुद्दा हा, की हे मला स्विसांनी शिकवलेलंच नाही. मी चिपळूणची. मे कलला की आमच्याकडे आगोटची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी निघायची. आई तांदूळ ऊन देऊन, बोरिक पावडर लावून पिंपात भरायची. तूरडाळीला एरंडेल चोळायचं काम माझ्याकडे. डाळ मुठीत घेऊन दोन्ही तळव्यांत फिरवायची, प्रत्येक दाण्याला चकाकी आली पाहिजे, पण तेल ओघळता कामा नये. जास्त झालं की आई टपली मारायची. मग कुळीथ, कडवे वाल, सुक्या मिरच्या, खडेमीठ, आमसुलं, सोडे, सुकट. काड्यापेट्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात. एकदा पाऊस लागला की बाजारात जाणं आपल्या हातात नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक असायचं. मडगावला त्याच सुमारास होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला पुरुमेंताचा बाजार भरतो, तोही याचसाठी. घाटावर वर्षाचा गहू भरतात. सांगलीकरांनी हळदीसाठी जमिनीत पेवं खणली. या सगळ्यांना साठेबाज म्हणायची कुणाची छाती होती?

ही सगळी अक्कल आपण दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या पोरांच्या पाठीवरच्या पिशवीत टाकून मोकळे झालो. भावाकडे मीठ संपलं की फोन, कोथिंबीर हवी की फोन. भावजय म्हणते, भरून ठेवायचंच कशाला, जागा अडते. आणि मग हीच माणसं इकडच्या रिकाम्या रॅकचे फोटो बघून हसतात!

२०२० ची २४ मार्च विसरलात का? रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले, मध्यरात्रीपासून २१ दिवस सगळं बंद. पाचच दिवसांपूर्वी, उगाच सामान भरू नका, असंही त्यांनीच सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. भाऊ त्या रात्री किराणावाल्याच्या शटरसमोर गर्दीत उभा होता, माणसाला माणूस चिकटून, ज्या आजाराला भ्यायचं तो तिथेच घ्यायची सोय. हाती लागलं काय, तर मैदा, शेवयांचे पुडे आणि श्रीखंड. घरी तूरडाळीचा एक डबा भरलेला असता तर त्या रात्री तो खाली उतरलाच नसता. खरी साठेबाजी कशी असते ते २०२१ च्या एप्रिलमध्ये सगळ्यांनी पाहिलं: काळ्या बाजारातलं रेमडेसिव्हिर, 'लागला तर असावा' म्हणून घरात आणून ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर. शेजारचा माणूस धापा टाकत असताना सिलिंडर दडवणं आणि पावसाळ्याआधी डाळ भरणं यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने सेक्रेटरी होऊ नये.

आमच्या स्टेशनमागे एका श्रीलंकन तामिळ अण्णांचं दुकान आहे. इथल्या बहुतेक मराठी घरांतली आमटी अशाच दुकानांच्या जिवावर शिजते. २०२० च्या मार्चमध्ये, मीग्रो सुपरमार्केटमध्ये यीस्ट नि पीठ मिळेनासं झालं तेव्हाची गोष्ट. रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ बासमतीच्या पाच पिशव्या घेऊन उभे. अण्णांनी पैसे घेण्याआधी तीन पिशव्या शांतपणे उचलल्या आणि काउंटरमागे ठेवल्या. गृहस्थ म्हणाले, मी पूर्ण पैसे देतोय. अण्णा त्यांच्या तामिळ वळणाच्या जर्मनमध्ये म्हणाले, बाकीचेही पैसेच देणार आहेत. गृहस्थ गेल्यावर मला म्हणाले, नव्वदनंतर जाफन्याची नाकेबंदी होती तेव्हा आम्ही साबणाची वडी चाकूने कापून विकायचो. तेवढंच बोलले आणि माझा हिशेब केला. मी फक्त कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्या घ्यायला गेले होते, बाकी सगळं तळघरात होतं. हे मुद्दाम लिहितेय.

यावर भावाचं म्हणणं, "तुला तळघर आहे. आमचा वन बीएचके. डबे काय डोक्यावर ठेवू?" आणि त्याहून टोचणारं: "आमच्या कामाच्या मावशी आठवड्याचा पगार आला की आठवड्याचं सामान घेतात. त्यांनी काय भरायचं?" याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं म्हणून मी आवाज चढवला. ज्यांना भरता येतं त्यांनी आधीच, हळूहळू भरावं, म्हणजे वेळेला मावशींसाठी दुकानात माल राहील, असं मी म्हणाले. ते बरोबरच आहे. पण मावशींना पगारच मिळाला नाही तर, हे त्याने विचारायच्या आत मी विषय बदलला.

मग त्याने चिपळूण काढलं.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात माळ्याला टेकलं. आगोटचं सगळं सामान पाण्याखाली: तांदूळ फुगून पिंपाचं झाकण उचललं गेलेलं, डाळीचा वास गल्लीभर, मिठाचं तर नावही उरलं नव्हतं. आईला शेजाऱ्यांनी वेळेवर वरच्या मजल्यावर नेलं, त्यांच्याच गॅसवर दोन घरांचा भात शिजला. पाणी ओसरल्यावर कुठून कुठून टेम्पो आले, भाकऱ्या, मेणबत्त्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन. भाऊ म्हणाला, "आईला तुझ्या पिंपाने नाही जगवलं, ताई. शेजाऱ्यांनी जगवलं."

मी इथे होते. फोन लागत नव्हता. तळघरात जाऊन मी काय केलं असेल, तर डब्यांवरच्या तारखा तपासल्या. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

खरं सांगायचं तर मला या गोष्टीची धास्ती आहे. वरच्या मजल्यावरच्या बाईंना मी जिन्यात 'ग्रुएत्सी' म्हणते, त्या मला म्हणतात. कपडे धुण्याच्या वारावरून आमची एकदा चिठ्ठ्यांतून वादावादी झाली, तोच आमचा सर्वांत मोठा संवाद. रात्री अडीचला त्यांचं दार वाजवून 'तांदूळ द्या' म्हणायची माझी हिंमत नाही, आणि त्यांचीही नसणार. २०२० मध्ये २२ मार्चपासून भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली, मे महिन्यात वंदे भारतची उड्डाणं सुरू झाली तरी यादीत नंबर लागेपर्यंत दिवस जायचे. त्या काळात माझ्या तळघरात सहा माणसं जेवतील इतकी डाळ होती आणि जेवणारे आम्ही चौघं. पाण्याच्या बाटल्या सरकारच्या सांगण्यावरून आहेत. पोहे, कुळथाचं पीठ, गोडा मसाला, आमसुलं कुणाच्या सांगण्यावरून आहेत ते मी भावाला सांगणार नाही, कारण तो लगेच हसेल.

परवा त्याने शेवटचा बाण सोडला. "तिथे खरंच काही झालं तर तुला आत घेतील का?" घेतील. इथल्या हिशेबात प्रत्येक रहिवाशामागे युद्धाबिद्धासाठी बांधलेल्या निवाऱ्यात एक जागा धरलेली असते, पासपोर्ट कुठला ते बघत नाहीत. देशभरात अशा जवळपास नव्वद लाख जागा आहेत. आमचं तळघर तेच तर आहे, जाड काँक्रीटच्या दारामागचं. सध्या तिथे लोकांच्या स्की आहेत आणि माझी डाळ. हे मी त्याला फार तोऱ्यात सांगितलं.

सांगताना आठवलं, चिपळूणच्या रेशनकार्डावरचं माझं नाव लग्नानंतर कमी केलं होतं. सासरच्या कार्डावर चढवायच्या आत आम्ही इकडे आलो, ते राहूनच गेलं. म्हणजे माणशी पाच किलोच्या हिशेबात मी कुठेच नाही. भावाला म्हटलं तर म्हणाला, "तुला कशाला हवंय गं रेशन?" नकोच आहे. पण मे महिन्यात जाईन तेव्हा तहसील कार्यालयात पुरवठा शाखेच्या खिडकीवर चौकशी करून येणार आहे. नाही म्हणतील, ते माहीत आहे.