पिवळ्या पानांच्या बोन्सायला पाणी नको, हवा हवी

पावसाळा लागला की गोव्यातल्या बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा डोकं वर काढतो. त्याचा गाभा असा: बोन्सायची पानं पिवळी पडून गळत असतील तर झाड तहानलेलं आणि भुकेलं आहे. रोज पाणी द्या, घरात सावलीत आणा, मोठ्या कुंडीत हलवा, चहाचा चोथा आणि शेणखत घाला, उरलेली पानं काढून टाका, मुळांना दालचिनीची पूड लावा. पंधरा दिवसांत झाड टवटवीत. यातली दालचिनी तेवढी निरुपद्रवी. बाकीचे पाच उपाय एकत्र केले तर नवशिक्याचं झाड वाचणं कठीण, कारण मुळात निदानच उलटं आहे. जून ते सप्टेंबरमध्ये इथे पिवळं पडणारं बोन्साय बहुतेक वेळा तहानलेलं नसतं, बुडालेलं असतं.

“रोज पाणी द्या.” कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. त्यामुळे माती ओलीचिंब असूनही पानं मान टाकतात, बघणाऱ्याला ती तहान वाटते, आणि तो आणखी एक तांब्या ओततो. बोन्सायच्या बाबतीत हे लवकर घडतं ते कुंडी उथळ असते म्हणून. पाणी पूर्ण निथळलं तरी मातीच्या तळाशी एक चिंब थर अडकून राहतोच. तो किती जाड, हे मातीचे कण किती बारीक यावर ठरतं, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा तो 4 सेंमीचा आहे. 20 सेंमी खोल कुंडीत मुळांना वरची 16 सेंमी माती मोकळी मिळते; तीच माती 5 सेंमीच्या ताटलीत भरली तर श्वास घ्यायला उरतो 1 सेंमी. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, गळणं थांबलं की उभा करा: आणखी पाणी गळेल. आजारी बोन्सायला पहिला उपचार हाच. कुंडीच्या एका टोकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवून ती तिरकी ठेवा. खर्च शून्य, आणि त्याच दिवशी मुळांपर्यंत हवा पोचते.

पाणी द्यायचं की नाही, हे बोटाने वरची माती चाचपून कळत नाही. बांबूची कोरडी काडी खोड आणि कुंडीची कड यांच्या मधोमध तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. खालचं टोक गडद आणि गार लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. काडी जवळजवळ कोरडी आली तर मात्र तळाच्या भोकांतून वाहीपर्यंत द्या. संदेश बरोबर ठरतो तो एकाच प्रसंगी. दुकानातली फुगीर मुळांची फायकस (वडाच्या कुळातली झाडं) बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतात. ते एकदा कडकडीत वाळलं की पाणी सहजासहजी आत घेत नाही. पाणी कडेने निसटून जातं आणि कुंडी उचलली तर हलकीफूल लागते. अशी कुंडी काठापर्यंत पाण्यात 15 मिनिटं बुडवून ठेवावी. वर शोभेचे गोटे गोंदाने चिकटवलेले असतील तर आधी ते पक्कडीने उपटून काढा. त्या थराखाली काय चाललंय हे कोणालाच दिसत नाही.

“घरात सावलीत आणा.” प्रकाश कमी झाला की पानं अन्न कमी बनवतात आणि पाणीही कमी ओढतात, म्हणजे चिखल आणखी दिवस ओला राहतो. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मि.मी. पाऊस पडतो, तेव्हा झाड पावसाच्या धारेतून काढणं योग्यच. पण उजेडातून काढायचं नाही. बाल्कांवाची (घरापुढच्या छपरी ओट्याची) कड, किंवा गच्चीवर पारदर्शक पत्र्याखालची जागा, जिथे वारा खेळतो. वड, फायकस, कामिनी यांना माती निचऱ्याची असेल तर पाऊस सोसतो. जेड आणि अडेनियम या खोडा-पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांवर मात्र चार महिने थेंब पडू देऊ नये. अडेनियमचं फुगीर खोड अंगठ्याने दाबून बघा: पाणी कमी पडलं तर ते सगळीकडून सारखं मऊ पडतं, कुजत असेल तर एकाच जागी खचतं आणि वास मारतं. (जुनिपर, म्हणजे थंड हवेतलं सुईसारख्या पानांचं झाड, घेतलं असेल तर वाईट बातमी आहे. त्याला थंडीतली विश्रांती लागते, ती किनारपट्टीवर मिळत नाही. शिवाय ते मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं.)

“मोठ्या कुंडीत हलवा.” मोठ्या कुंडीतल्या जादा मातीत मुळं नसतात, त्यामुळे तिथलं पाणी ओढायला कोणी नसतं. कुंडी तेवढीच ठेवायची, माती बदलायची. झाड उपसून मुळं साध्या पाण्याने धुवा. निरोगी मूळ टणक असतं. कुजलेलं तपकिरी-काळं, चिमटीत धरलं तर साल मोज्यासारखी निघून येते. असं मूळ टणक भाग लागेपर्यंत कापा, कात्री दर वेळी स्पिरिटने पुसून.

मातीसाठी दूर जायला नको. फुटकी मंगळुरी कौलं कुटा, दोन चाळण्या वापरून 3 ते 6 मि.मी.चे तुकडे ठेवा, भुकटी फेकून द्या, कारण तळाचा चिंब थर तीच वाढवते. चार भाग कौलाचा चुरा, एक भाग धुतलेलं कोकोपीट (न धुतलेल्यात बऱ्याचदा क्षार असतात). चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) चुरा घ्यायचा तर रात्रभर भिजवून चिमटीत चुरडा. लाल चिखल झाला तर उपयोगाचा नाही. समुद्राची वाळू कधीच नको, मीठ आणि शिंपल्यांचा चुना दोन्ही येतात. भोकांवर जाळी, आणि भोकांतून ओवलेल्या 2 मि.मी. ॲल्युमिनियमच्या तारेने झाड कुंडीला घट्ट बांधणं. हे नवशिके हमखास टाळतात. झाड वाऱ्याने हललं की नुकती फुटलेली केसमुळं तुटतात, आणि दोष मातीला दिला जातो.

“चहाचा चोथा आणि शेणखत.” दूध-साखरेच्या चोथ्याला मुंग्या येतात, आणि त्या पिठ्या ढेकणांची राखण करतात. कच्चं शेणखत कुजताना मुळांजवळची उरलीसुरली हवाही खातं. रासायनिक खतही तोडगा नाही. जखमी मुळांभोवती क्षार वाढले की पाणी आत यायचं सोडून बाहेर खेचलं जातं. नवी पानं फुटून पूर्ण उलगडेपर्यंत काहीच नको. मग 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला 1 ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा.

“उरलेली पानं काढून टाका.” सगळी पानं काढणं हे धडधाकट फायकसची पानं बारीक करण्याचं तंत्र आहे. आजाऱ्यावर ते करणं म्हणजे चूल विझवून जेवणाची वाट बघणं. आपोआप गळतील ती उचला. टणक, हिरवं पान राहू द्या, फांदी वेडीवाकडी दिसली तरी.

दालचिनी लावायची तर लावा. कुज थांबते ती निचऱ्याने.

आता संदेशात नसलेली गोष्ट. या सगळ्याच्या आधी नखाने साल किंचित खरवडायची, फांदीच्या टोकाकडून बुंध्याकडे. आत हिरवं दिसलं तिथून पुढे झाड जिवंत. नुकतंच विकत आणलेलं फायकस निव्वळ जागा बदलल्यामुळेही पानं टाकतं. मुळं टणक आणि साल हिरवी असेल तर त्याला नुसतं एका जागी राहू द्यावं. माती बदललेल्या फायकसला नवे कोंब यायला तीन ते सहा आठवडे लागतात. तेवढ्यात मुळं पाहायला झाड पुन्हा उपसू नका. साल बुंध्यापर्यंत तपकिरी आणि कोरडी निघाली तर झाड गेलं आहे. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका, कुंडीवर उकळतं पाणी ओतून घासा आणि उन्हात वाळवा.